कोठ्यातलं आवतन

१

चार वाजले की आमच्या घरी दोन आवाज ठरलेले. चुलीवर चहा उतू जायचा आणि कोठ्यात पाना वाजायचा. चहा उतू जायचा कारण माझं लक्ष पान्याकडे असायचं.

माझी पोरगी रिंकू कॉलेजातून आली की बॅग खुंटीला अडकवते, ओढणी कंबरेला आवळते आणि कोठ्यात शिरते. मागच्या वर्षापर्यंत तिथं आमची बैलजोडी होती. ट्रॅक्टर आला, बैल गेले, गव्हाण रिकामी राहिली. त्याच गव्हाणीपुढं, जिथं आमचा उजव्या हाताचा बैल उभा राहायचा, तिथं तिनं जुनी राजदूत उभी केली.

जानेवारीत ट्रॉलीत घालून आणली तेव्हा ती गाडी कमी आणि गंज जास्त होती. टाकीत मुंगळ्यांनी घर केलं होतं. मडगार्डला बोट जाईल एवढी भोकं. किक दाबली तर हलत नव्हती, पिस्टन आत धरून बसला होता. केशोरीच्या संघदीप मिस्त्रीनं एकदा पाहिलं आणि म्हणाला, "रिंकू, हे भंगार आहे व. याच्यात जीव नाही."

पोरगी कामाला लागली. प्लगच्या भोकातून रॉकेल आणि ऑइल ओतलं आणि रोज किकवर पाय ठेवून जरासा जोर द्यायची. अकरा दिवस. बाराव्या दिवशी आतून 'कट' असं वाजलं आणि किक चार बोटं खाली गेली. टाकीत नटबोल्ट टाकून ती तिनं मांडीवर घेऊन हलवली, लेकराला झोपवतात तशी, आतला गंज निघेपर्यंत. कार्बोरेटर चार वेळा खोलला. तेव्हापासून संघदीप तिला मिस्त्रीण म्हणतो आणि अडलेल्या गाडीचा आवाज तिला फोनवर ऐकवतो.

शेजारणी म्हणायच्या, "प्रेमिलाबाई, पोरीच्या नखात ग्रीस. कोण करंल हिच्याशी लगन?"

मी म्हणायची, "ज्याची गाडी बंद पडली असंल तो."

मी चौथी शिकली. पण वजन कळायला मला शाळा लागली नाही. बारा वर्षं धान खरेदी केंद्रावर कट्टे भरले आणि उचलले. कट्टा चाळीसचा आहे की अडतीसचा, काट्याआधी मी सांगते. बैलबंडी रस्त्यानं गेली तर चाकाकडे पाहून सांगते, किती भरली आहे. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं मला त्यानंच कळलं. डोळ्याला फार काही दिसलं नाही.

२

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी गाडी सुरू झाली.

तीसेक किका बसल्या असतील. मग एकदम फटफटली आणि कोठा पांढऱ्या धुरानं भरला. गव्हाणीवरच्या कोंबड्या उडून बाहेर पळाल्या. त्या धुरातून माझी पोरगी खोकत आली, तोंड काळं, दात तेवढे पांढरे.  मी आत जाऊन पदरानं डोळे पुसले आणि चहा ठेवला.

जूनमध्ये तिला अठरा पूर्ण झाली. पक्कं लायसन हातात आलं होतं. गाडीचे कागदही झाले होते. आमच्या गावातून कॉलेजला जाणारी बस आली तर येते, नाही तर नाही. मागच्या साली दोन पोरींनी त्यापायी शिक्षण सोडलं. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी रिंकू आपल्या गाडीवर कॉलेजात जाणार, एकटी, हे आमचं ठरलं होतं. तिचा बाप, माझा नवरा खुशाल, गोंदियाला राइस मिलात असतो. तो फोनवर म्हणाला, "जमंल का तिले?" मी म्हटलं, "तुमाले बैल हाकलता येत नव्हता, तिनं मेलेलं इंजिन उठवलं."

संध्याकाळी गावात खांदशेकणी सुरू झाली. जू ओढून थकलेल्या बैलाच्या खांद्याला आदल्या दिवशी हळद आणि तूप लावतात, पळसाच्या पानानं शेकतात आणि त्याला जेवणाचं आवतन देतात. घरोघरी वाटी घेऊन बाया कोठ्यात चालल्या होत्या. माझ्याही हातून सवयीनं तूप गरम झालं होतं. आता लावू कोणाला.

लावलं गाडीला. हँडलच्या दोन्ही टोकांना हळदतूप फासलं, पळसाच्या पानानं शेकलं. रिंकू समोर उभी राहून मोबाइलमध्ये घेत होती आणि हसून हसून फोन हलवत होती.

मी बैलांना म्हणतात तसंच म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"माय, गाडी काय जेवंल व?"

"तुह्या हातचं पेट्रोल पेते, माह्या हातची पोळी खाईल."

तेवढ्यात मागची स्प्रिंग वाजली. 'चूं'. कोणी सीटवर टेकलं की वाजते तशी.

रिंकू समोर होती. मी हँडलपाशी. मी खाली पाहिलं. शेणामातीची जमीन, स्टँड रुतला असेल असं समजली आणि वाटी घेऊन घरात गेली.

बैलाला आवतन देताना त्याचं नाव घ्यायचं असतं. माझ्या सासूनं मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. नाव घेतल्याशिवाय आवतन देऊ नको. गाडीला नाव नव्हतं. मी नुसतंच म्हटलं.

३

पोळ्याला रिंकूनं गाडीला बैलाची झूल पांघरली. हँडलला बेगड, आरशांना फुगे. तोरणाखाली पंचवीस जोड्या उभ्या होत्या आणि त्यांच्या रांगेत शेवटी माझी पोरगी, लाल राजदूतचं हँडल धरून. म्हातारे कुरकुरले. पाटलांचा शालीकराम म्हणाला, "हा बैल शेण टाकते का गा?"

रिंकू म्हणाली, "नाही काका, धूर टाकते. मागं उभे नका राहू."

सगळं तोरण हसलं. मी बायांमध्ये उभी होती. माझी मान त्या दिवशी दुखली, इतकी ताठ होती.

घरी आल्यावर ताट वाढलं. पुरणपोळी, कढी, भात, वडे आणि तळलेली हिरवी मिरची. बैलांचं ताट पहिलं, मग माणसांचं. गाडीपुढं गव्हाणीवर ताट ठेवलं, कोठ्याची ताटी, ते बांबूचं दार, ओढून दोरीनं बांधली आणि आम्ही मायलेकी आत जेवायला बसलो.

जेवताना मला कोठ्यातून ताट सरकल्याचा आवाज आला. स्टीलचं ताट दगडी गव्हाणीवर सरकतं तसा. रिंकूही थांबली.

"मांजर," मी म्हटलं.

"हो, मांजरच," ती म्हणाली आणि आणखी एक पोळी घेतली.

अर्ध्या तासानं मी गेली. ताटी मी ओढली होती तशीच होती. ताट रिकामं होतं. चाटलेलं नाही, पुसून खाल्लेलं. बोटानं कढी निपटलेली दिसत होती. मिरची तेवढी कडेला होती, देठ वर करून ताटाच्या काठाला टेकवून उभी. आणि ताटात पाणी होतं. जेवण झाल्यावर आमच्याकडची जुनी माणसं ताटातच हात धुतात, तसं. पिवळसर पाणी, त्यात भाताची दोन शितं.

मी पाण्याचा गडवा ठेवलाच नव्हता. बैलाच्या ताटाला गडवा ठेवत नाहीत.

बोट बुडवून वास घेतला. विहिरीच्या पाण्याला वास नसतो. याला होता, साचलेल्या शेवाळाचा.

मी कोठाभर पाहिलं. कौलाला भोक नाही, भिंतीला खिंडार नाही. गावातल्या कोणी चेष्टा केली म्हणावं तर ताटीची दोरी मीच बांधली होती आणि तशीच गाठ होती. माझी गाठ मला कळते. तरी मी मनात चेष्टाच म्हटलं. चेष्टा करणाऱ्याच्या नावानं चार शिव्याही दिल्या, मोठ्यानं. कोठ्यात माझाच आवाज मला परका वाटला, म्हणून थांबली.

४

दुपारी रुक्माबाई गाडी पाहायला आली. गाडी तिचीच. तिच्या नवऱ्याची, केवळरामची. इतकी वर्षं तिच्या सपरीत, घरापुढच्या पडवीत, पडून होती. रिंकूनं मागितली तेव्हा म्हातारी एवढंच म्हणाली होती, "ने. चालू झाली तर मले दाखव."

तिनं टाकीवर हात फिरवला. "चांगली केली व माय. याहून चांगली तर नवीन असतानी नव्हती."

रिंकू लाजली. मग रुक्माबाईची नजर गव्हाणीवरच्या ताटावर गेली. मी ते ताट अजून धुतलं नव्हतं. का नाही, ते मला सांगता येत नाही.

"हे कोण जेवलं?"

"मांजर असंल," मी म्हटलं.

रुक्माबाई काठी टेकवत खाली बसली. पंचाहत्तरची बाई, गुडघे धड नाहीत, पण बसली. मिरचीकडे पाहत राहिली.

"आमचे हे मिरची खात नव्हते," ती म्हणाली. "वाढली नाही तर रागवत. वाढली तर अशी उभी करून ठेवत."

मी रिंकूला पाणी आणायला आत पिटाळलं.

गावाला जेवढं ठाऊक आहे तेवढंच मलाही ठाऊक. एकतीस वर्षांआधी केवळराम या गाडीवर घरून निघाला. गाडी इटियाडोहच्या कालव्याच्या पाळीवर स्टँडवर लावलेली सापडली, चावीसकट. माणूस पाण्यात सापडला नाही आणि कोरड्यातही नाही.

"पोळ्याचा दिवस होता," रुक्माबाई म्हणाली. "मी भांडली. ताट वाढलेलं होतं. तसेच उठून गेले." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "कोणी आवतन देल्लं, प्रेमिला?"

मी ते ताट उचलून बाजूला ठेवलं.

ती उठली. गाडीच्या बाजूनं जायचा सरळ रस्ता होता, पण ती भिंतीला धरून लांबून गेली. ताटीपाशी थांबून म्हणाली, "एकतीस वर्षं मी पोळ्याले एक ताट कमीच वाढलं. कोणी येईल अशी भीती नव्हती मले. आलं तर परत कसं धाडावं, ते कळत नव्हतं."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं 'घेऊन जा गे नारबोद' म्हणत गावाबाहेर ओरडत गेली. घरातली इडापीडा शिवेबाहेर घालवायचा तो दिवस. मला बरं वाटलं. म्हटलं, गेलं असेल तेही.

रिंकू सातलाच तयार. पांढरा कुर्ता, नवीन हेल्मेट. गाडी पुसायला कोठ्यात गेली आणि हाक मारली.

"माय, मागचं शॉकअप बसलं व. काल तर बरोबर होतं."

मी गेली. हवा तिनं पाहिली, नट पाहिले, स्प्रिंगला बोट लावलं. गाडी मोकळी उभी होती आणि मागून दबलेली होती. ती खाली वाकून कारण शोधत होती. मला शोधावं लागलं नाही. दीड कट्टा. साठ किलो. अंगानं वाळलेला, उंच माणूस.

"घरातून फडकं आण," मी म्हटलं. ती गेली.

सीटचं रेक्झिन नवं होतं, चार दिवसांआधी शिवलेलं. मागच्या अर्ध्या भागावर ते आत गेलेलं होतं. मी बाजूला तळहात दाबला, उचलला. माझा खळगा भरून आला. तो भरला नाही. त्याच्या कडेनं रेक्झिन ओलं होतं.

पाहुण्याला जा म्हणणं आमच्या घरात कोणी केलं नाही. मी केलं.

"जेवण झालं तुमचं. आता जा."

काही झालं नाही. कोठ्यात माशी नव्हती, एवढंच तेव्हा लक्षात आलं. बैलांच्या कोठ्यात, सप्टेंबरात, एक माशी नव्हती.

खुंटीवर विळा होता. मी तो काढला आणि मागच्या टायरला लावला. टायर फाटला तर गाडी जाणार नाही. आज नाही, उद्या नाही, मी जाऊ देणार नाही. पोरगी रडेल, बस धरेल, बस येणार नाही. पुढच्या साली घरी बसेल. पण जगेल.

"माय, काय करून राहिली?"

ती ताटीत उभी होती. हातात फडकं, काखेत हेल्मेट. नखांत सात महिन्यांचं काळं, साबणानं न गेलेलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. ती नुसती पाहत होती की तिची माय पण शेजारणींसारखीच निघाली का.

मी विळा खाली ठेवला.

"रबरात काटा दिसला," मी म्हटलं. "नाही आहे."

मग मला सुचलं. पाहुण्याला जा म्हणत नाहीत, पण पोचवून तर देतात. ज्यानं बोलावलं त्यानं शिवेपर्यंत पोचवून द्यायचं, हातातली पिशवी घेऊन. आवतन माझं होतं. पोचवणंही माझंच.

"मी येते तुह्यासंग. कालव्यापर्यंत."

"कायले व? आज तरी एकटीले जाऊ दे ना."

"कालव्यापासून एकटीच जाशील. माह्या जिवाची आण."

६

मी मागं बसली. जागा होती आणि नव्हती. भरलेल्या जीपमध्ये चौथी बाई बसते तशी बसली, अर्धी सीटवर, अर्धी हवेत. दोन्ही हातांनी मागचं कॅरिअर धरलं. पाठीला ओल लागत होती.

"नीट बस ना. गाडी मागं झुकून राहिली."

"तू समोर पाह."

पहिला गिअर, दुसरा, तिसरा. एकदाही झटका नाही. गाव बाहेर उभं होतं. शाळेची पोरं संगं धावली. शालीकरामनं हात वर केला आणि या वेळी चेष्टा केली नाही. एक म्हातारी उंबऱ्यातून म्हणाली, "प्रेमिलाची पोरगी होय." माझ्या मानेवर थंड श्वास येत होता आणि तरी माझी छाती फुगली होती. दोन्ही एकाच वेळी होतं. माणसाला वाटतं भीती आली की बाकी सगळं पळतं. माझं नाही पळालं.

दोन्ही बाजूंनी धान पोटरीला आलं होतं. कालव्याची पाळ लागली तशी रिंकूनं गाडी हळू केली आणि एका जागी थांबवली. तिथं ना पूल होता, ना फाटा.

"काऊन थांबली?"

"तूच तं खांद्यावर थाप देल्ली."

माझे दोन्ही हात कॅरिअरवर होते. बोटं पांढरी पडली होती, इतके घट्ट. तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर, उजव्या खांद्यावर, ओला पंजा उमटला होता. लांब बोटं. मी पदरानं तो पुसला.

"धूळ होती," मी म्हटलं आणि उतरली.

स्प्रिंग वाजली, 'चूं'. गाडी थोडी वर आली.

मी श्वास धरला. मग पुन्हा 'चूं', आणि गाडी उरलेली वर आली.

"बापा, हे शॉकअप पाहा लागंल संध्याकाळी," रिंकू म्हणाली. "तू घरी कशी जाशील?"

"पाय आहेत. तू जा. आणि मागं पाहू नको. आरशातही नाही."

"आरसा पाहिल्याबिगर गाडी चालवली तं लायसन काढून घेतील माय."

"मग मोठ्या रस्त्याले लागल्यावर पाह."

ती हसली, हेल्मेटची काच खाली केली, गेली. मी स्प्रिंगकडे पाहत राहिली. खड्डा आला, गाडी हलकी उडाली, हलकी बसली. एकाच माणसाचं वजन. एकावन्न किलो, पुस्तकांसकट त्रेपन्न. वळणावर लाल टाकी चमकली आणि मग नुसता आवाज राहिला, फट फट फट, माझ्या पोरीनं लावलेला.

७

मी पाण्याकडे तोंड केलं. "तुमची जागा आली," मी म्हटलं. "मी पोचवून देल्लं."

कालवा भरून चालला होता. काठाशी पाणी संथ होतं. त्यात मी दिसत होती, हिरवं लुगडं. माझ्या बाजूला पांढरा पायजमा दिसला, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत ओला. गुडघ्याच्या वर मी पाहिलं नाही.

घराकडे चालू लागली. मुरमाचा रस्ता. माझी चप्पल वाजत होती. दहा पावलं गेली आणि दुसरं पाऊल वाजायला लागलं, अनवाणी, ओलं. मी थांबली. ते एक पाऊल उशिरा थांबलं.

तेव्हा मला कळलं, मी चुकीचा हिशेब केला होता. तो गाडीसाठी आलाच नव्हता. गाडी इतकी वर्षं सपरीत पडली होती, तेव्हा कुठं आला होता? तो जेवायला आला होता. बोलावणाऱ्या घरी.

मी मागं वळली नाही. रस्त्याकडे पाहूनच बोलली. "यायचं तर या. ताट मिळंल. पण त्या गाडीवर बसायचं नाही. ती माह्या पोरीची आहे. पायी चालायचं."

पावलं वाजली. घरापर्यंत.

याला आता तीन महिने झाले. धान कापून झालं. रिंकू रोज जाते. मागच्या सोमवारपासून ती बस चुकलेल्या एका पोरीला मागं घेऊन जाते, तेव्हा स्प्रिंग बरोबर तेवढी दबते जेवढी दबायला पाहिजे. रुक्माबाई रस्त्यात भेटली की थांबते आणि विचारते, "जेवण होते ना बरोबर?" मी हो म्हणते. आम्ही दोघी पुढं जातो.

कोठ्यात मी गव्हाणीवर एक ताट ठेवते. रिंकूला सांगितलं आहे, मांजरासाठी. मिरची अख्खी वाढत नाही आता. बारीक चिरून भाजीत कालवते, काढता येऊ नये म्हणून. तरी ताट आणायला जाते तेव्हा काठावर हिरवे तुकडे ठेवलेले असतात, एका ओळीत, एकही न चुकवता.

चार वाजता वळणावर फटफट ऐकू येते. मी ओल्या हातानं अंगणात येते. पोरीच्या तोंडाकडे नंतर पाहते. आधी मागची स्प्रिंग पाहते.

गाडीवर एकच आहे. माझीच आहे.

मग चहा ठेवते.